मागचा पाट

आमच्या मजल्यावर फोन फक्त आमच्या घरी होता आणि त्यावर येणारे निम्मे फोन समोरच्या गुलाबताईचे असायचे. तिच्या भावाचे, नणंदेचे, गावातल्या कुठल्या कुठल्या आत्या-मावश्यांचे. मी रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवायची, समोर जाऊन दार वाजवायची आणि "ताई, तुझा फोन" म्हणून ओरडायची. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. त्या सकाळीही फोन वाजला. हॉस्पिटलमधून तिच्या नवऱ्याचा होता. त्यांना मी भाऊजी म्हणते. ते म्हणाले, "शोभावैनी, गुलाब गेली." मी म्हटलं, "बरं." मग रिसीव्हर नेहमीसारखा टेबलावर आडवा ठेवला, बाहेर आले आणि समोरचं दार वाजवलं. दाराला कुलूप होतं. मीच लावलेलं, किल्ली माझ्याच कमरेला. तरी मी पुन्हा वाजवलं. आत टेबलावर भाऊजी हॅलो, हॅलो करत राहिले होते.

याला आता काही आठवडे झाले. पुरवणीत असे लेख मोठ्या माणसांवर येतात, हे मला कळतं. गुलाबताईने संस्था काढली नाही, तिला कुणी शाल-श्रीफळ दिलं नाही, आमच्या सोसायटीच्या बाहेर तिला ओळखणारे तिच्या गावातलेच. तिच्या खात्यावर काय जमा आहे असं कुणी विचारलं, तर मला एकच गोष्ट सांगता येते… एक सहल. लक्षद्वीपची, होडीतून, तिथल्या बेटांच्या मधल्या शांत पाण्यातून. ती आम्ही दोघींनी मिळून आखली, मोडली, पुन्हा आखली. नव्वद सालानंतरच्या आमच्या बहुतेक दुपारी तिच्यातच गेल्या. सहल झाली नाही. पण न झालेल्या गोष्टीनेही माणसाचं आयुष्य भरून जातं, हे मला तिच्यामुळे समजलं.

सुरुवात वाशीतल्या दातांच्या दवाखान्यात झाली. दाढ माझी काढायची होती, ती सोबतीला आली होती. बाकावर पडलेल्या एका जुन्या गुळगुळीत मासिकात तिला एक चित्र सापडलं. पिवळ्या रंगाची, निमुळती, दोन माणसांची होडी. कयाक म्हणतात तिला, हे आम्हाला नंतर कळलं. एकीच्या मागे एक अशा दोन बायका बसलेल्या. बेटाभोवती प्रवाळाचं कुंपण असतं आणि त्याच्या आत उथळ पाणी अडून राहतं, त्याला लगून म्हणतात, असंही खाली लिहिलेलं. पाणी एवढं निवळशंख की होडी जणू हवेत तरंगते आहे आणि तिची सावली खाली वाळूवर पडली आहे. गुलाबताई त्या सावलीकडे बघतच बसली. "शोभा, बग. होरीची सावली तलाला परलीय," एवढंच म्हणाली. मग जोरात खोकली आणि त्या खोकल्याच्या आवाजात तिने ते पान फाडून पिशवीत घातलं. मी बधिर तोंडाने बाहेर आले तर म्हणाली, आपण दोघींनी इथं जायचं. मला बोलता येत नव्हतं. शोभाला नाही म्हणता आलं नाही म्हणून ते हो झालं, असं ती पुढे सगळ्यांना सांगायची.

तिला त्या सावलीचं वेड का लागलं, ते तिचं गाव बघितल्यावर कळतं. ती खाडीकाठची. आता जिथं सेक्टर आहेत तिथं त्यांची भातशेती होती, त्याच्या पुढे मिठागर, मग तिवरांचं रान आणि मग खाडी. बापाची एक अरुंद होडी होती. लहानपणी ती पुढे बसून वल्हं मारायची आणि बाप मागे बसून होडी वळवायचा. पुढे जमिनी नव्या शहरात गेल्या, तिच्या नवऱ्याला कंपनीत नोकरी लागली, फ्लॅट मिळाला. भाऊ रामदास गावातच राहिला, त्याने खोल्या बांधून भाड्याने दिल्या, आणि होडी त्या खोल्यांच्या मागे पालथी पडली. लग्नानंतर गुलाबताई पाण्यात उतरलीच नव्हती. आणि सगळं बालपण पाण्यावर काढूनही तिने कधी तळ बघितला नव्हता. आमच्या खाडीच्या पाण्यात हात घातला की बोटंसुद्धा दिसत नाहीत.

मी तर माण तालुक्यातली. माझ्या माहेरी पाणी म्हणजे विहिरीच्या बुडाशी चमकणारी एक चकती. आमचे हे कांदा-बटाटा मार्केटात गाळ्यावर असतात. ते घरी आल्या आल्या मला चिडवायचे, "टाकी भरून वाहायला लागली तरी किंचाळतेस, आणि निघालीस समुद्रात?" खोटं नव्हतं ते. म्हणून गुलाबताईने ठरवलं की आधी मला शिकवायचं, आणि ते घरातच.

दुपारी मुलं शाळेत गेली की आम्ही हॉलमधला टीपॉय भिंतीला लावायचो. दोन जेवायचे पाट, एकामागे एक. पुढचा माझा, मागचा तिचा. तो तिने आपल्या घरून आणलेला, कडेला पितळी फुलं असलेला. कयाकच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं असतं. ते तिने कपडे वाळत घालायच्या काठीच्या दोन्ही टोकांना कचऱ्याच्या सुपल्या सुतळीने बांधून केलं. अशी दोन वल्ही. डावी, उजवी, डावी, उजवी. पुढच्याने लय धरायची, मागच्याने दिशा. गुळगुळीत लाद्यांवर पाट करकरत सरकायचे, तर खालच्या मजल्यावरून तक्रार गेली आणि सोसायटीचे सेक्रेटरी स्वतः बघायला आले. दार उघडं होतं. पदर खोचून पाटावर बसलेल्या, हातात सुपल्या धरलेल्या दोन मध्यमवयीन बायका बघून ते आल्या पावली खाली गेले. पुढे कित्येक महिने जिन्यात भेटले की ते आधी आम्हाला जाऊ द्यायचे.

तिचा एकच कडक नियम होता. पुढे बसणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही. अरुंद होडी, अंग वळलं की कलते. "मागं नको बगू, समोर बग," हे मी किती हजार वेळा ऐकलं असेन. एकदा मी वैतागून म्हटलं, अगं, तू मला दिसतच नाहीस, मी नुसती भिंतीशी बोलतेय. तर म्हणाली, "मना पन माज्या बापाचा तोंड होरीत कदी दिसला नाय. आवाज यायचा ना. मागं कोन हाय त्याचा भरोसा धरायचा नि वल्हा मारायचा."

भरती-ओहोटीही तिनेच शिकवली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी बघायची, तिचा चौथा हिस्सा वजा करायचा, उरेल त्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठातून दोन गेले, सहा. सकाळी सहा, संध्याकाळी सहा. अमावस्या-पुनवेला उधाण, पाणी अंगावर येतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी गरीब असतं. म्हणून आमची सहल अष्टमीला धरूनच असणार, हे पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. मला त्या हिशेबाचा नादच लागला. दूध उतू जात असताना मी कॅलेंडरपुढे उभी असायची. माणची बाई भरती सांगते म्हणून आमचे हे मार्केटात माझी थट्टा करायचे.

सगळी आखणी तिने खाडीच्या हिशेबाने केली होती. ओहोटीला होडी गाळात बसणार, तेव्हा एक लांब बांबू आणि पाय ठेवायला एक फळी हवीच. भरतीच्या आधी दोन तास निघायचं, उतरायच्या आत परतायचं. तांदळाचं पीठ, सुकट, सुके बोंबील सोबत. मी म्हटलं, ताई, समुद्रात चाललोय, तिथं मासे नसतील का? ती म्हणाली की त्यांची मासळी त्यांची, आपण पाहुणे, हात हलवत गेलेलं बरं दिसत नाही.

मग एकदा आम्ही स्टेशनजवळच्या एका प्रवास कंपनीत गेलो. गळ्यात टाय बांधलेल्या पोराने आमचं सगळं ऐकून घेतलं. बोटीत बांबू आणि फळी नेता येईल का, असं गुलाबताईने विचारल्यावर मात्र त्याने पेन खाली ठेवलं. लगूनमध्ये गाळ नसतो, म्हणाला, नुसती पांढरी वाळू. आणि ओहोटीला पाणी थोडं खाली जातं, पण प्रवाळाचं कुंपण ते अडवून धरतं. दिवसभर होडी चालवा. तुम्ही एवढा वेळ काढून जे वेळापत्रक केलंय त्याची मॅडम गरजच नाही.

बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. मला वाटलं, तिची फजिती झाली म्हणून रागावली असेल. घराच्या जिन्यात थांबून म्हणाली, "जो पानी जात नाय, तो परत येनार कसा?" तिला ते पटेना. जाणं आणि येणं यालाच ती पाणी म्हणत आली होती. त्यानंतर काही दिवस पाट भिंतीला टेकून राहिले. मग एका दुपारी तीच आली, टीपॉय ओढला आणि बसली मागे. म्हणाली, असंल तसला पन पानी, बगून तर येऊ.

अडचणी आल्या त्या सगळ्यांच्या घरी येतात तशाच. एका वर्षी माझ्या मुलीची दहावी. मग गुलाबताईची सासू अंथरुणाला खिळली. तिचं सगळं गुलाबताईने केलं, अगदी शेवटपर्यंत, आणि तोंड वाकडं केलं नाही. मग आमच्या यांचा अपघात, मग रामदासच्या पोरीचं लग्न. दोन बायका एकट्या बेटावर कशाला, हे तर दर वर्षी नव्याने निघायचं. भाऊजी मात्र कधी आडवे आले नाहीत. जा म्हणायचे, पण परत या. दर दिवाळीनंतर नवं कॅलेंडर आलं की ती आधी माघातली शुद्ध अष्टमी शोधायची. तेव्हा वारा पडलेला असतो, म्हणायची.

पाण्यात आम्ही एकदाच गेलो. रामदासकडून तिने ती पालथी होडी सुलटी करून घेतली, भेगा बुजवून घेतल्या आणि एका अष्टमीला, पाणी चढतं असताना आम्ही गावच्या जेटीवरून निघालो. मी पुढे, ती मागे. पहिली काही मिनिटं मी डोळेच उघडले नाहीत. मग तिचा आवाज यायला लागला, डावी, उजवी, हॉलमधला तोच आवाज, आणि माझे हात आपोआप चालायला लागले. तिवरांच्या कडेकडेने गेलो. बगळे उठले. मला चक्क मजा येत होती. मी काहीबाही बडबडत होते आणि तिचं हूं हूं चालू होतं. मग ते थांबलं. होडीही मंद झाली. ताई, म्हटलं… उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. आणि मी मागे वळले. होडी अशी कलली की मांडीवर पाणी आलं. गुलाबताई वल्हं मांडीवर आडवं ठेवून काठाकडे बघत होती, तिथल्या इमारतींच्या रांगेकडे, आणि तिचे डोळे वाहत होते. तिथं त्यांचं शेत होतं. पाण्यावरून तिने ते पहिल्यांदाच बघितलं होतं, म्हणजे ते तिथं नसलेलं बघितलं होतं. तिने पदराने तोंड पुसलं, होडी सावरली आणि मला दटावलं. "सांगितला होता ना, मागं नको बगू म्हनून." परत येईपर्यंत मी मान वळवली नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर तिच्या पोटात दुखायला लागलं. गाठ निघाली. खरं तर या वेळी सगळं जमून आलं होतं. पोलीस ठाण्यातून दाखले काढले होते. तिथल्या हवालदाराने आम्हा दोघींकडे वरून खाली बघितलं आणि बेटावर जाऊन काय करणार असं विचारलं, तेव्हा ही म्हणाली होती, सावली बघणार. माघातल्या अष्टमीच्या हिशेबाने कोचीहून बोटीत जागाही मिळाल्या होत्या. बेटावर जायचा परवाना आला तेव्हा ती हॉस्पिटलमध्ये होती. मी तो नेऊन दाखवला. तिने तो नुसता हातात धरला. फार वाळली होती. केस गेले होते, बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. मी तिला पुढच्या वर्षीचं काहीतरी सांगायला लागले, तर तिने मानेनेच नको म्हटलं. बराच वेळ पंख्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "शोभा, तिथला पानी खरंच जात नाय गं?"

मी म्हटलं, नाही जात, ताई.

"मना तोच पायजे," म्हणाली.

मी तिचे पाय दाबत बसले. मला रडू आवरत नव्हतं आणि तिच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून तिला म्हटलं, पाणी घेऊन येते. बाहेर जाऊन जिन्यात बसले. पौषातली पौर्णिमा नुकती उलटली होती; दुसऱ्याच सकाळी तो फोन आला.

अस्थी खाडीत सोडायच्या होत्या. वेळ भटजींनी सांगितलेली, सकाळची. रामदासने व्हॅन काढली आणि मलाही बळेच नेलं, तुम्ही तिच्या बहिणीसारख्या म्हणून. जेटीवर पोचलो तर पाणीच नव्हतं. लांबवर नुसता काळा गाळ, त्यात रुतलेल्या दोन होड्या आणि चिंबोऱ्यांची बिळं. रामदास खाडीकाठचा, पण घाईत, दुःखात, आणि खरं म्हणजे खोल्यांची भाडी घ्यायला लागल्यापासून भरती बघायची त्याची सवयच सुटलेली. त्याची त्याला इतकी लाज वाटली की मला त्याच्याकडे बघवेना. कुणीतरी म्हणालं, वेळ टळायला नको, इथंच कडेला सोडून पाण्याचा तांब्या ओता. भाऊजींनी मडकं पोटाशी धरलं होतं. ते दोन पायऱ्या उतरलेसुद्धा.

मी म्हटलं, थांबा. मला संकष्टीचा उपास होता. म्हणजे चतुर्थी. चारातून एक गेला, तीन. "तीनला भरती आहे. बारानंतर पायरीला पाणी लागेल. तिला गाळात नाही सोडायची."

माझा आवाज चढला असणार, कारण कुणीच वाद घातला नाही. रामदास माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तुमाला कोनी शिकवला?" मी नुसतं मडक्याकडे बोट केलं. तो पायरीवर बसला आणि दोन्ही हातांत तोंड घालून रडला.

आम्ही थांबलो. उन्हात, जेटीच्या पायऱ्यांवर, कुणी वर्तमानपत्र डोक्यावर धरून. आधी गाळातल्या बारक्या चरांमधून पाणी शिरलं. मग रुतलेल्या होड्या हलल्या. मग बघता बघता खालची पायरी भिजली, तिच्या वरची भिजली. त्याच जुन्या होडीत भाऊजी आणि रामदास तिला घेऊन गेले. होडीत पुढे भाऊजी मडकं घेऊन आणि मागे रामदास. वल्हं मारताना तो काहीतरी बोलत होता, मला काठावर ऐकू आलं नाही. पाणी नेहमीसारखंच गढूळ होतं. पण आलं होतं.

तेराव्याला जेवायला बसवायचं म्हणून भाऊजी पाट गोळा करत होते. मला म्हणाले, तिचा एक तुमच्याकडं असंल. मी आणून दारात ठेवला. त्यांनी तो उचलला, पितळी फुलांवरून बोट फिरवलं आणि परत माझ्या हातात दिला. राहू द्या, म्हणाले, तिकडंच त्याची जागा हाय.

परवा माघातली शुद्ध अष्टमी झाली. कोचीच्या बोटीतल्या आमच्या जागांवर कुणीतरी दुसरं गेलं असेल. मला एकटीला जायचं नव्हतं. आमच्या यांनी सकाळी डबा घेताना कॅलेंडरकडे बघितलं आणि थट्टा न करता निघून गेले. दुपारी मी टीपॉय भिंतीला लावला. दोन पाट मांडले, एकामागे एक, आणि पुढच्यावर बसले. सुपल्या बांधलेलं माझं वल्हं हातात घेतलं, तिचं मागच्या पाटावर आडवं ठेवलं. डावी, उजवी. पाट करकरला. खालून कुणी तक्रार करायला आलं नाही. मी बोलत होते. रामदासचं सांगितलं, भाऊजी नीट जेवत नाहीत ते सांगितलं, मेथी स्वस्त झाली तेही सांगितलं. मागून हूं आलं नाही. वल्हं मारता मारता खांदे भरून आले, डोळ्यांपुढचं दिसेनासं झालं. एकदा, फक्त एकदा, मान वळणार होती.

वळवली नाही. ती मागे बसली आहे, आणि मी बघितलं तर होडी कलेल.